मामाजींच्या प्रदर्शनातली लेडीज सायकल

आमच्या मामासासऱ्यांइतका हट्टी माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर तो मामाजींना टाळण्यासाठी सायकलवर बसून जिल्ह्याबाहेर निघून गेला असला पाहिजे. मामासासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. आम्ही सगळे त्यांना मामाजी म्हणत असू. त्यांच्या घराण्याचं वर्ध्याच्या भर बाजारात मोपेड विकण्याचं दुकान होतं. दोन धाकटे भाऊ गल्ल्यावर बसत आणि थोरले मामाजी दुकानासमोर आपली सायकल आडवी लावून आत शिरणाऱ्या गिऱ्हाइकाची चौकशी करत. "दोनी पाय चालतात ना तुमचे?" ते अत्यंत काळजीनं विचारत. गिऱ्हाईक गोंधळून हो म्हणे. "मंग हे काऊन घेऊन राह्यले?" दिवाळीच्या तोंडावर एका तहसीलदाराला त्यांनी असं परत पाठवलं, तेव्हा भावांनी एक तह केला. दुकानामागचं अख्खं गोदाम मामाजींना द्यायचं, आणि त्या बदल्यात मामाजींनी दुकानाच्या वेळेत पुढच्या दाराशी यायचं नाही. मामाजींनी तो तह आनंदानं मान्य केला. त्या गोदामात पुढची दहा-बारा वर्षं काय घडलं, ते सांगायला मी बसलो आहे. आणि त्याच्या शेवटी माझ्या हातून काय घडलं तेही सांगायचं आहे, म्हणून जरा रेंगाळत सांगतो.

मामाजी अंगानं किरकोळ होते. पोटऱ्या मात्र पैलवानाच्या होत्या, त्यामुळे कमरेखालचा आणि कमरेवरचा माणूस वेगवेगळ्या घरांतून आणून जोडल्यासारखा दिसे. भेटल्यावर ते नमस्कार करत नसत. आधी खाली वाकून तुमच्या सायकलचं पुढचं चाक दोन बोटांनी दाबत, वैद्यानं नाडी बघावी तसे डोळे मिटत, आणि मग "बरे आहा," असा निकाल देत. लग्नाकार्यात त्यांच्या झोळीत आहेराच्या पाकिटाशेजारी हातपंप असे. वरात आली की लोक नवरदेवाला ओवाळत आणि मामाजी मांडवाबाहेर उभ्या असलेल्या सगळ्या सायकलींत हवा भरत. स्वतःच्या लग्नात ते मुंडावळ्या बांधून सायकलवरूनच गेले होते, आणि परतताना मामी कॅरिअरवर बसून सासरी आल्या. मामींना कुणी त्याबद्दल विचारलं की त्या भाजी निवडता निवडता, मान वर न करता सांगत, "सात पावलं तेवढी पायी झाली बाप्पा. बाकीचा संसार कॅरिअरवरच करून राह्यली." त्यांच्या घरी डाळ सूर्यचुलीवर शिजे, म्हणजे ढगाळ दिवशी ती दुसऱ्या दिवशी शिजे. कपडे रिठ्यानं धुतले जात. मिक्सर होता, पण तो पायडलवर चाले. पाहुण्याला चटणी हवी असेल तर त्यानं आधी आसनावर बसून पंधरा मिनिटं पाय मारायचे. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मी नवा जावई, नवं कोरं पँट-शर्ट घालून, घाम पुसत शेंगदाण्याची चटणी वाटली होती. "जवाई, चढ लागला असं समजा," मामाजी शेजारी उभे राहून धीर देत होते.

गोदामात ते कला करत. हा शब्द त्यांचा नव्हे. ते नुसतं "मांडतो" म्हणत. भंगारात गेलेल्या सायकली ते आणत आणि त्यांचं काहीतरी मांडत. एकावर एक रिमा जोडून त्यांनी दोन पुरुष उंचीचं झाड केलं होतं आणि त्याला पानांऐवजी घंट्या लावल्या होत्या. वारा आला की झाड किणकिणत असे. सतरा ठिगळं लावलेली एक जुनी ट्यूब त्यांनी काचेच्या चौकटीत बसवली होती आणि खाली लिहिलं होतं, "ही अजून फेकली नाही." झिजलेले ब्रेकचे रबर ओळीनं लावून त्यांनी भिंतभर एक नदी केली होती, ती वर्धा नदी की धाम नदी यावर मामींचा आणि त्यांचा कायम वाद होता. हे सगळं हातगाडीवर लादून ते गावोगाव नेत आणि बाजाराच्या गर्दीत मांडत. आष्टीच्या आठवडी बाजारात कांदेवाली आणि मिरचीवाली यांच्या मधली जागा त्यांची ठरलेली होती. तिथे एका बाईंनी तारांची एक मोठी चाळणीसारखी कलाकृती मिरच्या वाळवायला मागितली. मामाजींनी ती तिथल्या तिथे देऊन टाकली आणि पुढच्या आठवड्यात मुद्दाम जाऊन मिरच्यांसकट ती बघून आले. सेलूच्या बसस्टँडबाहेर एक शेतकरी त्या घंट्यांच्या झाडाभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाला, "याले पानी किती लागते?" मामाजी हरखून गेले. महिनाभर प्रत्येकाला सांगत होते, "एवढा चांगला प्रश्न मले कोनी इचारला नाई."

आता माझ्याकडे येतो. मी वर्ध्यात एका शाळेत शिकवत होतो, आणि गावात कुठंही माईक लागला की त्याच्यामागे मी असे. गणपती असो, निरोपसमारंभ असो, सूत्रसंचालन माझं. माणसांना हसवणं आणि शेवटी दोन मिनिटं डोळे पुसायला लावणं, एवढंच मला येतं, आणि ते मला फार चांगलं येतं. मामाजींच्या आग्रहाखातर मी एक सायकल घेतली होती. ती पहिल्या महिन्यात चालवली आणि नंतर गच्चीत नेऊन ठेवली, तिच्यावर पायपुसणी चांगली वाळत. मी शाळेत स्कूटरनं जात असे. मामाजींना मात्र मी दहा वर्षं सांगत होतो की रोज सायकलनं जातो. त्यांची घंटी गल्लीच्या टोकाला वाजली की आमच्या घरात धावपळ उडे. सायकल गच्चीवरून दारात येई, स्कूटरवर चादर पडे, चादरीवर उशा आणि उशांवर माझी बायको पालक निवडत बसे. "बसाले नवीन दिवान केला वाटते," मामाजी एकदा म्हणाले आणि त्यांनी आरशाचा बाहेर आलेला दांडा मोठ्या कौतुकानं थोपटला. मी ही गोष्ट मित्रांत सांगून फार टाळ्या घेतल्या आहेत.

दोन हजार सालाच्या आसपास भावांनी एका कंपनीच्या नव्या गाडीची एजन्सी घ्यायचं ठरवलं आणि त्यांना गोदाम परत हवं झालं. त्यांनी मामाजींना दिवाळीपर्यंतची मुदत दिली. त्यानंतर आतलं सगळं कबाडीवाल्याला जाणार होतं. मामाजींनी रागावून दाखवलं नाही. ते जागा शोधायला लागले. गावाबाहेर एक बंद पडलेली जिनिंग, म्हणजे कापसाची सरकी काढायची गिरणी, होती. कापसाचे ढीग जिथे पडत ती लांबच लांब शेड रिकामी होती आणि एका ट्रस्टच्या ताब्यात होती. ट्रस्टचे सचिव निवृत्त अधिकारी होते, नीट इस्त्रीचे, शब्द मोजून बोलणारे. ते म्हणाले, "शेठजी, एक प्रदर्शन आमच्या शेडमध्ये भरवा. गावाचा प्रतिसाद बघू. बरा असेल तर जागा कायमची तुमची." मामाजी माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता. दहा वर्षांत पहिल्यांदा ते चाक दाबायला विसरले. "जवाई, माईकवर तुमी राहा," ते म्हणाले. "मले लोकायसमोर बोलता येत नाई. तुमी बोलले तं जागा भेटून जाईन."

या वेळी त्यांनी एक नवीनच टूम काढली होती. प्रदर्शनाला ज्यानं त्यानं सायकलवरूनच यायचं. आल्यावर त्याची सायकल तिथेच रांगेत उभी करायची, आणि ती सायकल हीच प्रदर्शनातली वस्तू. मालकानं तिची हकीकत सांगायची, मामाजींनी ती जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहून हँडलला बांधायची. "सांगनाऱ्याचं एक अक्षर मी बदलत नाई," ते बजावत. "तुमचं तुमी सांगा, मी नुसता हात."

ठरल्या दिवशी सकाळी मी गच्चीवरून माझी सायकल उतरवली तेव्हा तिची चेन माझ्या हातात आली. मी स्कूटर काढली आणि बाजारातल्या बब्बूभाईंच्या दुकानात गेलो. बब्बूभाई तासाच्या हिशेबानं सायकली किरायानं देत आणि दुरुस्त्याही करत. त्यांच्या दुकानात एरवी वीस-पंचवीस सायकली उभ्या असत. त्या दिवशी भिंत मोकळी होती. "क्या मालूम मास्तर, आज सारा गाव सायकलवाला हो गया," ते म्हणाले. "डॉक्टरसाब ले गये, वकीलसाब ले गये, सराफा के तीन लोग ले गये. वो जिनिंग में कुछ है बोलते." मी काकुळतीला आलो. शेवटी त्यांनी दुरुस्तीला आलेली एक सायकल पुढे केली. लेडीज सायकल होती, काळी, जुनी, पण नीट निगा राखलेली. "ब्रेक बनाया इसका. शाम को लेने आयेंगे. घंटे भर में लाके देना." मी स्कूटर त्यांच्या दुकानामागे लपवली आणि पन्नाशीला टेकलेला, सिल्कचा झब्बा घातलेला मी, लेडीज सायकलवर बसून कलेच्या दारात गेलो.

दारातच मामाजी पेन घेऊन उभे होते. त्यांनी सायकलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ही कोनाची जवाई?" आता खरं सांगायला एक क्षण होता. पण मामाजींच्या मागे सचिव उभे होते, आणि माझ्यासमोर श्रोता उभा राहिला की माझी जीभ मला विचारत नाही. मी म्हणालो, "आईची." एकदा आई म्हटल्यावर मागे फिरणं नव्हतं. मी सांगत गेलो. आई याच सायकलवरून गावोगाव जाऊन बायकांना अक्षरं शिकवायची. चिखलात सायकल खांद्यावर घ्यायची. जाताना मला म्हणाली होती, ही विकू नको. मामाजींनी माझ्या आईला पाहिलेलं नव्हतं, ती आमच्या लग्नाआधीच गेली. तिला खरं तर सायकलची भीती वाटे. रस्त्यात घंटी वाजली की ती माझा हात धरून नालीच्या पलीकडे जाऊन उभी राही. आयुष्यभर चालली बिचारी. मी तिला त्या दिवशी सायकलवर बसवलं. मामाजी लिहीत होते आणि लिहिता लिहिता चष्मा पुसत होते. सचिव म्हणाले, "हे कार्ड माईकवर वाचा. प्रदर्शनाचं सार आहे यात."

माणसांनी शेड भरून गेली होती. दोन्ही बाजूंना सायकलींच्या रांगा, मध्ये घंट्यांचं झाड, आणि टोकाला माईकमागे मी. मी ते कार्ड वाचलं. नुसतं वाचलं नाही, सादर केलं. चिखलाच्या जागी आवाज खाली आणला, "ही विकू नको"च्या आधी थांबलो. वकीलसाहेबांनी रुमाल काढला. सचिवांनी मान हलवली, आणि मामाजींच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, झालं, जागा मिळाली.

तेव्हा रांगेच्या कडेनं एक बाई पुढे आल्या. चाळिशीच्या, पांढऱ्या साडीला निळी किनार, हातात औषधांची पेटी. सेलूकडच्या खेड्यांत फिरणाऱ्या सरकारी नर्सबाई होत्या. त्या कार्ड बांधलेल्या सायकलीपाशी थांबल्या, त्यांनी कार्ड उलटंसुलटं पाहिलं आणि माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या आईचं मोठं काम होतं. पन ही सायकल माही हाय. मी दुरुस्तीले टाकलती, दुकानात गेली तं इकडं हाय म्हनले. सीटखाली माहं नाव हाय."

शेडमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. मामाजी खाली वाकले आणि सीटखाली बघितलं. वाकलेले ते बराच वेळ तसेच राहिले. मग सरळ होऊन, माझ्याकडे अजिबात न बघता, ते नर्सबाईंना म्हणाले, "हाव बाई. दुकानातून मीच आनली मांडाले. तुमाले इचाराचं राहून गेलं. कारडं बांधताना माही गफलत झाली."

"मग यांच्या आईंची सायकल कोणती?" सचिवांनी विचारलं.

माईक माझ्या हातात होता. चालू होता. गावात माझा आवाज ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि मला तोंडातून एक शब्द काढता आला नाही. आजवर मी हा प्रसंग सांगताना याच्या जरा आधीच थांबत आलो आहे. नर्सबाई "सीटखाली माहं नाव हाय" म्हणाल्या की लोक हसून लोळतात, मी पाणी पितो आणि विषय बदलतो. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

मामाजी म्हणाले, "ते आनाची राह्यली."

 सचिव सायकलींच्या रांगेपाशी गेले आणि एकेका मडगार्डकडे बघत चालू लागले. बब्बूभाई किरायाच्या सायकलींच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकत. चार नंबर, त्याच्या कार्डावर "वडिलांनी मॅट्रिक झाल्यावर घेऊन दिली." नऊ नंबर, "गेली वीस वर्षं हिच्यावरूनच कोर्टात जातो." बारा, चौदा, सतरा. गावातली सगळी प्रतिष्ठित मंडळी छताकडे बघत होती. शेड जुनी होती, छताकडे बघण्यासारखं बरंच होतं.

"ह्याही तुम्हीच मांडल्या का शेठजी?"

"हाव."

"आणि कार्डं?"

"मीच लिवले," मामाजी म्हणाले. नर्सबाईंचं बोलणं सोडलं, तर त्या दिवशी त्या शेडमध्ये बोललेलं बहुधा तेवढंच एक वाक्य पूर्ण खरं होतं.

"शेठजी," सचिव सावकाश म्हणाले, "मी तुम्हाला वेगळं समजलो होतो." आणि ते गेले. त्यांच्यामागे गाव गेलं. प्रत्येकजण आपापली किरायाची सायकल घेऊन, कार्ड काढून खिशात घालून गेला. मी माईकची वायर गुंडाळत बसलो, कारण वायर गुंडाळताना खाली बघता येतं. मामाजी तेवढ्यात एक कोरी पत्रिका घेऊन नर्सबाईंसमोर बसले होते. "आता तुमी सांगा."

"काय सांगू? सकाळी निंघतो, अकरा गावं करतो, संध्याकाळी येतो," त्या म्हणाल्या. "यात लिवासारखं काय हाय?"

मामाजींनी ते जसंच्या तसं लिहिलं आणि हँडलला बांधलं. बाई कार्डासकट सायकल घेऊन गेल्या. प्रदर्शन तेवढंच झालं.

मी सचिवांकडे जाऊन खरं सांगायला हवं होतं. त्यांचं घर माझ्या शाळेच्या रस्त्यावर होतं. त्या दारावरून मी रोज स्कूटरनं जात होतो, आणि रोज ठरवत होतो की उद्या थांबू. एकदा फाटकापर्यंत गेलोही. पण मनात वाक्यं जुळवताना माझ्या लक्षात आलं की मी ती गमतीदार करतो आहे, शेवट कुठे करायचा ते ठरवतो आहे. स्वतःचीच किळस येऊन मी परतलो. दिवाळी आली.

गोदाम रिकामं करायच्या दिवशी मी गेलो. कबाडीवाला तीन चाकी सायकलचा ठेला घेऊन आला होता आणि मामाजी स्वतः त्याला सामान लादू लागत होते. झाडाचे तुकडे केलेले होते. घंट्या पोत्यात होत्या. मामी दारात उभ्या होत्या, पदराचं टोक दातांत धरून. मी मामाजींपाशी गेलो आणि विचारलं, "तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं. "नंबर दिसले होते मले, जवाई. सकाळीच दिसले होते. मी म्हटलं, किरायानं का होईना, एक दिवस बसले तं होते सारे." मग थोडा वेळ त्यांनी गाठ पुन्हा पुन्हा ओढली. "मले लोक हासते याची सवय आहे. तीस वर्सं झाले. तुमाले सवय नाई. तुमाले झेपलं नसतं."

ठेला निघाला. स्टेशनच्या पुलाचा चढ लागला तसा कबाडीवाला खाली उतरून ओढू लागला, पण ठेला सरकेना. मामाजींनी मागून दोन्ही हात लावले. मीही त्यांच्या शेजारी जाऊन हात लावले. पोत्यातल्या घंट्या मधूनमधून वाजत होत्या.  माथ्यावर पोचल्यावर कबाडीवाल्यानं टांग टाकली आणि ठेला उतारानं आपोआप वेग घेऊन निघाला. मामाजी हात झटकून घराकडे वळले. मी मात्र अजून काहीतरी ढकलायचं उरलं आहे असं वाटून तिथेच हात पुढे धरून उभा राहिलो.